डाटा आहे त्यात!

खामगावातल्या कुठल्याही पांढरपेशा घराच्या माळ्यावर चढून पाहा. पितळी घंगाळ, महालक्ष्म्यांचे मुखवटे ठेवायची पत्र्याची पेटी, कुणाच्या तरी लग्नात आलेला आणि कुणाच्या तरी लग्नात द्यायचा म्हणून राखून ठेवलेला लेमन सेट, आणि या सगळ्यांच्या मागे पांढऱ्याचा पिवळा पडलेला एक सीपीयू. जाणकार म्हणतात, सीपीयू म्हणजे आतली चिप. म्हणू देत. आमच्याकडे त्या अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात आणि त्याच्यावर क्रोशाचं झाकण घालतात. घरची बाई दर दिवाळीला विचारते, "हे भंगारात देऊ का?" घरचा माणूस दर दिवाळीला एकच उत्तर देतो, "हात लावू नको. डाटा आहे त्यात!"

या वाक्यापुढे कुणाचं काही चालत नाही. वडिलांची सायकल याच घरातून भंगारात गेली, आजीचं शिवणयंत्र गेलं, जातं तर अंगणात पायरी म्हणून बसवलं. सीपीयू मात्र हलत नाही. कसला डाटा, असं कुणी विचारलंच तर उत्तर मिळतं, "आहे. बराच आहे." यापलीकडे तपशील मालकालाही माहीत नसतो. उलट, माहीत नाही म्हणूनच त्याची किंमत वर्षागणिक वाढत जाते.

हे डबे आमच्या बुलढाणा जिल्ह्यात शिरले ते साधारण २००२ नंतर. त्या वर्षी एमएस-सीआयटी सुरू झाली, आणि पुढे सरकारी नोकरांची वेतनवाढ या परीक्षेला बांधली गेली. मग काय, मास्तर, ग्रामसेवक, तलाठी, आरोग्य खात्यातले बाबू, सगळे माउस धरायला बसले. उजव्या हाताची थरथर थांबावी म्हणून डाव्या हातानं उजवं मनगट धरणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत. घरी सराव हवा म्हणून पतसंस्थेचं कर्ज काढून कॉम्प्युटर आला, परीक्षा झाली, वेतनवाढ मिळाली, आणि कॉम्प्युटर पोरांच्या ताब्यात गेला. पोरं शिकून पुण्याला गेली. कॉम्प्युटर माळ्यावर गेला. हप्ते मात्र त्यानंतरही काही काळ चालू होते.

मला यातलं कळतं अशी गावात अफवा आहे. तिचं मूळ एवढंच की माझ्याकडे एक अडॅप्टर आहे. हाताच्या पंजात मावेल अशी काळी डबी. एका अंगाला आयडीई डिस्कचं चाळीस टाचण्यांचं तोंड, दुसऱ्या अंगाला लॅपटॉपच्या छोट्या आयडीई डिस्कचं चव्वेचाळीसचं, तिसऱ्या अंगाला साटाचं चपटं तोंड, आणि मागे यूएसबीची शेपटी. सोबत बारा व्होल्टचा एक ठोकळा. तो लागतोच, कारण लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीच्या पाच व्होल्टवर भागवून घेते, पण साडेतीन इंची डिस्कच्या मोटरला बारा लागतात. चाळीस टाचण्या म्हणायच्या, पण मधली एक मुद्दाम गाळलेली असते, पट्टी उलटी बसू नये म्हणून. तरीही ती उलटी बसवून दाखवणारे कर्तबगार लोक आमच्या तालुक्यात आहेत.

असं यंत्र ऑनलाइन सात-आठशे रुपयांत मिळतं. पण मागवायचं कुणी? एका दुकानदारानं एका गृहस्थांना सांगितलं होतं की डिस्क पुण्याला पाठवावी लागेल, कमीत कमी सहा हजार, आणि खात्री नाही. 'खात्री नाही' हे शब्द ऐकले की आमचा माणूस सहा हजार देत नाही, आणि फुकट होत असेल तर त्याला खात्रीची गरज वाटत नाही. म्हणून सगळे माझ्याकडे येतात.

"भाऊ, तुमच्याजवळ ते डाटा काढाचं यंत्र हाय म्हणे?"

"आहे. डिस्क कोणती आहे?"

"काळी हाय."

"तसं नाही. आयडीई की साटा?"

"पोट्टं म्हणे सिगेट हाय."

"किती जीबीची?"

"मोठी हाय. चाळीस!"

चाळीस जीबी हा आकडा सांगताना आवाजात अजूनही २००४ सालचा रुबाब असतो. समोरच्याच्या खिशातल्या फोनमध्ये त्याच्या तिप्पट जागा असते आणि ती भरल्यामुळे फोन रोज कुरकुरत असतो. पण चाळीस म्हणजे चाळीस.

डिस्क बाहेर काढणं हा पहिला सोहळा. डब्याच्या मागचे चार स्क्रू कागदोपत्री असतात, प्रत्यक्षात एकच असतो आणि त्याची खाच गुळगुळीत झालेली असते. आमच्याकडे दसऱ्याला शस्त्रांच्या रांगेत कॉम्प्युटरही पूजेला बसतो, त्यामुळे झाकण उघडलं की आत आधी हळद, मग कुंकू, मग अक्षता, आणि सीडीच्या ट्रेमध्ये आपट्याचं पान निघतं. एकाच्या डब्यात खोबऱ्याचा तुकडा होता, आणि त्याच्यापर्यंत मुंग्यांनी मदरबोर्डवरून घातलेली वाट होती. मागच्या जाळीतून पाल येऊन अंडी घालून गेलेली असते. पंख्यावर रुईचा थर असतो, कारण जिनिंगच्या हंगामात खामगावात रुई कुठेही पोचते, कॉम्प्युटरला अपवाद करत नाही. डिस्क निघाली की तिच्या पाठीवर तो बारीकसा जंपर असतो, मास्टर-स्लेव्ह ठरवणारा. तो हमखास खाली पडतो आणि सतरंजीच्या वेलबुट्टीत मिसळून जातो. मग पाच प्रौढ पुरुष गुडघ्यावर रांगत तुरीच्या दाण्याएवढी वस्तू शोधतात, आणि घरातलं लहान मूल ती तोंडातून काढून देतं.

आता डिस्क जोडायची. बटण दाबलं की भोवतीची मंडळी श्वास रोखून ऐकतात. धडधाकट डिस्क मिनिटाला ७२०० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला १२०. त्यातून एक सलग घूं असा सूर निघतो. पण तो सूर न निघता टक्... टक्... टक्... असं सुरू झालं तर समजावं की आतल्या वाचणाऱ्या शेंड्याला आपली जागा सापडत नाहीये. तो जातो, शोधतो, परत येतो. हा आवाज ऐकला की खोलीतला प्रत्येकजण तज्ज्ञ होतो. पाण्याच्या मोटरींचं रिवाइंडिंग करणारा शेजारी म्हणतो, "बेरिंग गेलं. दोन थेंब ऑइल सोडा." मेव्हणा म्हणतो, "हलकेच एक चापट द्या, आमचा टीव्ही तसाच लागे." तिसरा यूट्यूबवर पाहून आलेला असतो; तो म्हणतो, प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. हा शेवटचा उपाय जगभर फिरतो आणि घातक आहे. थंड डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं, आणि उरलंसुरलं तेही जातं. एका घरी मी फ्रीजर उघडला तर मटारच्या पिशवीमागे डिस्क सापडली. तीही मेली आणि मटारही कुणी खाल्ले नाहीत, "त्यात काय उतरलं असंल काय माहीत" म्हणून.

याहून धाडसी लोक डिस्कच उघडतात. त्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं की बाबांनो, आतली तबकडी फिरत असताना तो शेंडा तिच्यापासून दहा-एक नॅनोमीटरच्या अंतरावरून उडत असतो. माणसाचा केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. डाटा काढणाऱ्या कंपन्या यासाठी धूळ गाळलेली खोली बांधतात, डोक्यापासून पायापर्यंत झाकून आत जातात. आणि आमचा पठ्ठ्या जिनिंगच्या शेडमध्ये, मेच्या उन्हात, पंखा पाचवर ठेवून, कानात बिडी खोचून झाकण उघडतो आणि म्हणतो, "आतून त एकदम आरसा हाय भाऊ, काहीच खराब नाही!" त्या आरशात त्यानं भांगही पाडून घेतला.

तरी या डिस्कांचं कौतुक करावं तेवढं थोडं. त्यांची उमेदीची वर्षं भारनियमनात गेली. दहा-दहा, बारा-बारा तास वीज नसायची, आणि असायची तेव्हाही ती पाहुण्यासारखी दारातूनच परत जायची. फाइल सेव्ह करायला जावं आणि लाइट जावी. अशा वेळी हार्डडिस्क काय करते ते ऐकण्यासारखं आहे. वीज गेली की तबकडी लगेच थांबत नाही, उरलेल्या वेगानं फिरत राहते. त्या फिरण्यातून तिचीच मोटर क्षणभर जनित्र होते, आणि तेवढ्या विजेवर शेंडा सुखरूप आपल्या जागी नेऊन ठेवला जातो. म्हणजे अख्खा तालुका अंधारात असताना, माझ्या टेबलाखाली एक वस्तू स्वतःपुरती वीज स्वतः तयार करत होती. हे तेव्हा कळलं असतं तर विहिरीवरच्या मोटरीला तीच लावून पाहिली असती.

वजनाचीही गंमत आहे. जगातली पहिली हार्डडिस्क आयबीएमनं १९५६ साली काढली. तिच्यात चोवीस-चोवीस इंची पन्नास तबकड्या होत्या, सगळं मिळून वजन टनाच्या वर, आणि मावायचं किती? पाचेक एमबी. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर सकाळी सहा ते सव्वासहा या वेळात सूर्योदय, कमळ आणि सुविचार मिळून तेवढं येऊन पडतं. ते साठवायला टनभर लोखंड लागलं असतं तर काकांनी दोन सुविचार तरी गाळले असते.

बरं, डिस्क नीट फिरली, घूं असा सूर निघाला, सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, की पडद्यावर एक सूचना उगवते. ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? इतक्या अदबीनं इतका भयानक प्रश्न विचारायची हातोटी फक्त विंडोजकडे आहे. आणि 'हो'चं बटण आधीपासून निळं, म्हणजे नुसत्या एंटरची खोटी.

एकदा अशा वेळी शेजारी एक निवृत्त तलाठी काका बसले होते. डिस्क त्यांचीच. ते म्हणाले, "मारा फॉरमॅट. सरकारी सूचना हाय त पाळा लागते."

मी त्यांचा हात धरला आणि समजावलं, की क्विक फॉरमॅट मारलं तर डिस्कवरची फक्त यादी जाते, कुठली फाइल कुठे आहे त्याची. मजकूर जागच्या जागी राहतो.

काकांचे डोळे चमकले. "म्हंजे सातबाऱ्यावरचं नाव कमी झालं, पण वावर जाग्यावरच?"

"तंतोतंत."

"आन मंग त्या वावरात दुसऱ्यानं पेरलं त?"

"तर गेलं. म्हणून यादी गेल्यावर त्या डिस्कवर नवीन काहीच ठेवायचं नाही. एक अक्षरही नाही."

"यथास्थिती," काका समाधानानं म्हणाले. तीस वर्षं दप्तर सांभाळलेल्या माणसाला जे एका वाक्यात कळलं, ते कॉम्प्युटरच्या पोरांना कळायला सेमिस्टर लागतं. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावलं, ते गट नंबर मोजत फिरावं तसं एकेक खण मोजत गेलं, आणि संध्याकाळपर्यंत फोल्डर दिसू लागले. पण काकांच्या नावाच्या फोल्डरवर टिचकी मारली तर नवीच सूचना आली. हा फोल्डर पाहण्याची तुम्हाला परवानगी नाही. जुन्या एक्सपीमधला वापरकर्ता या नव्या विंडोजच्या लेखी कुणीच नव्हता. "माहं नाव हाय ना त्याच्यावर!" काका कडाडले. त्यावरही उपाय असतो. फोल्डरची मालकी आपल्या नावावर करून घ्यायची. काकांनी चष्मा पुसला. "नोटीस? पंधरा दिवसांची मुदत? हरकत घेणारं कोणी?" कुणी नव्हतं. हिरवी पट्टी सरसर पुढे गेली आणि हजारो फाइली नावावर झाल्या. एका दुपारी इतके फेरफार आपल्या सबंध नोकरीत मंजूर झाले नाहीत, असं काका स्वतःच म्हणाले, आणि थोडे उदासही झाले.

आता मुख्य प्रश्न. निघतं काय?

इथे एक नियम मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. आमच्या लोकांनी जे जिवापाड जपायचं होतं ते डेस्कटॉपवर ठेवलं, डोळ्यांसमोर राहावं म्हणून. डेस्कटॉप असतो सी ड्राइव्हमध्ये. आणि त्या काळात कॉम्प्युटरला सर्दी झाली तरी दुकानदार म्हणायचा, "विंडो मारावी लागंल." दर सहा महिन्यांनी विंडो मारली जायची आणि सी ड्राइव्ह धुऊन निघायचा. त्यामुळे बायकोच्या डोहाळजेवणाचे फोटो गेले, प्लॉटच्या कागदांचं स्कॅनिंग गेलं. आणि डी ड्राइव्हमध्ये, कुणी विचारत नाही म्हणून सुरक्षित राहिलेलं काय? 'हळदी डीजे', 'हळदी डीजे नवीन', 'व्हाइस सिटी', एका सिनेमाच्या तीन अर्धवट कॉप्या, आणि 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर दोन', 'न्यू फोल्डर तीन'. यातल्या एखाद्या फोल्डरवर टिचकी मारली की अँटिव्हायरस किंचाळतो, कारण तो फोल्डर नसून फोल्डरचं चित्र लावलेला व्हायरस असतो. न्यू फोल्डर डॉट ईएक्सई. एके काळी हा सायबर कॅफेतून पेनड्राइव्हवर बसून घरोघर जायचा. डिस्क अर्धी मेली, तिच्यावरचा मजकूर निम्मा कुजला, पण हा पठ्ठ्या खणखणीत. त्याचा मात्र कुणी बॅकअप घेतला नव्हता.

एका डिस्कमधून लोणारच्या शाळेच्या सहलीचे २००५ चे फोटो निघाले. मालकाचा नातू म्हणाला, "आबा, पाणी हिरवं काऊन हाय? एडिट केलं का?" २०२० च्या जूनमध्ये सरोवर काही दिवस गुलाबी झालं होतं, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यानं तसं झालं. पोरानं लोणार पाहिलं ते त्या वेळच्या व्हिडिओतच. त्यामुळे आजोबांनी प्रत्यक्ष उभं राहून काढलेला हिरवा फोटो खोटा आणि रील खरं. आजोबा म्हणाले, "मी होतो ना तिथं!" नातवानं त्यांच्याकडे दयेनं पाहिलं.

सर्वांत मोठा घोळ मात्र मजकुराच्या फाइलींत होतो. एक निवृत्त गुरुजी आले. त्यांनी आपल्या गावाचा इतिहास लिहून ठेवला होता. स्वतः टाइप केलेला, मराठी टायपिंगची तीसची परीक्षा दिलेल्या बोटांनी. डिस्क उत्तम, फाइल सापडली, उघडली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांची दाटी. गुरुजींचा चेहरा उतरला. "हे मी नाही लिहिलं."

गुरुजींनीच लिहिलं होतं. फक्त ते होतं कृतिदेव फॉन्टमध्ये. युनिकोड आपल्याकडे रुळण्याआधी मराठी अशीच चाले: आत साठायची इंग्रजी अक्षरं, आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा अंगरखा घालायचा. फॉन्ट असेल तोवर मराठी; फॉन्ट नसला की 'मराठी' या शब्दाच्या जागी दिसणार ई, जे, के, बी, एच. आणि 'आई'च्या जागी व्ही, के, बी, झेड. कृतिदेवचं हे, श्रीलिपीचं वेगळं, आकृतीचं आणखी वेगळं, सीडॅकच्या योगेश-सुरेखचं तिसरंच. शेजारच्या दोन दुकानांतल्या दोन कॉम्प्युटरांना एकमेकांची मराठी वाचता येत नसे, आणि दोघंही दारावर 'मराठी टायपिंग करून मिळेल' लिहीत. त्यातून मजकूर पेजमेकरमध्ये लावलेला असेल तर विचारूच नका. तेव्हाच्या कित्येक डीटीपी सॉफ्टवेअरांना प्रिंटरच्या पोर्टात लावायचं डोंगल लागे. आता ते डोंगल नाही, ते पोर्ट नाही, आणि ते दुकान होतं तिथे मोबाइलचं कव्हर मिळतं.

गुरुजींचं काम त्यातल्या त्यात सोपं होतं. कृतिदेवचं युनिकोड करून देणारे परिवर्तक फुकट मिळतात. मजकूर परत मराठी झाला. रफार आणि पहिली वेलांटी तेवढी कुठे कुठे शेजारच्या अक्षरावर जाऊन बसली. गुरुजी लाल पेन काढून पडद्यावरच दुरुस्त्या करायला निघाले होते, त्यांना आवरलं. आता गंमत पाहा. आमच्याच बुलढाणा जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटिअर १९१० साली छापलं गेलं. ते आजही कपाटातून काढावं, धूळ झटकावी, वाचावं. मास्टर-स्लेव्ह विचारत नाही, फॉन्ट मागत नाही. आणि विसाव्या नव्हे, एकविसाव्या शतकात लिहिलेला गावाचा इतिहास वाचायला एक डबी, एक ठोकळा, एक परिवर्तक आणि एक चिडका माणूस लागतो. मी गुरुजींना सांगितलं, छापून घ्या. कागदावर. दोन प्रती. ते म्हणाले, "मग कॉम्प्युटर कशाला घेतला होता?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

लग्नाच्या व्हिडिओवाल्यांचं थोडक्यात सांगतो. त्यांच्या डिस्कवर अख्ख्या तालुक्याची लग्नं असतात, कमळातून उमलणाऱ्या नवरीसकट, आणि पंधरा वर्षांनी कुणी ती मागायला येत नाही. ज्यांना मागायची असतात ते बहुधा वकिलासोबत येतात.

लोक खरे येतात ते एका फोटोसाठी. घरातलं माणूस जातं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लेक्सवाला विचारतो, "फोटो द्या, जरा मोठा, चांगला." तेव्हा लक्षात येतं की आईचा एकटीचा फोटोच नाही. ती सगळ्या फोटोंत आहे, पण कडेला. हातात ताट आहे, कडेवर कुणाचं तरी मूल आहे, चेहरा अर्धा जावेच्या पदरामागे आहे. अशा वेळी माळ्यावरचा सीपीयू खाली येतो आणि मला रात्री अकराला फोन येतो. तेव्हा मी कुरकुरत नाही. एका घरच्या डिस्कमधून भाचीच्या लग्नातला फोटो निघाला: आई सरळ कॅमेऱ्याकडे पाहून हसतेय, झकास. फक्त खांद्यावर एक हात. बाजूला कापलं तरी मनगटापर्यंतचा हात राहतोच. हात होता त्या जावेचा, जिच्याशी बारा वर्षं बोलणं नव्हतं. फ्लेक्सवाला म्हणाला, हात खोडून देतो, शंभर रुपये जास्त होतील. थोरला मुलगा थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "राहू दे. काकूंनाच फोन लावा, सांगा." काकू आल्या. फ्लेक्सवर तो हात आहे तसा आहे.

मंडळी मला नेहमी विचारतात, डिस्क जाणार हे आधी कळत नाही का? कळतं म्हणतात. डिस्कमध्ये स्मार्ट नावाची सोय असते, ती स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते आणि भाकीत करते. गूगलनं २००७ साली आपल्याकडच्या लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बिघडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी महत्त्वाच्या चार खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. म्हणजे सकाळी ठणठणीत, दुपारी गेली. त्याच अभ्यासात असंही निघालं की उष्णतेचा आणि बिघाडाचा संबंध समजला जातो तेवढा घट्ट नाही. हे वाचून मला बरं वाटलं. खामगावच्या उन्हाची उगाच बदनामी होत होती. जळगाव जामोद तालुक्यातले एक पाहुणे हे ऐकत होते. ते म्हणाले, "आमच्या भेंडवळले अक्षय्य तृतीयेले घट मांडतात. अठरा धान्यं, घागर, ढेकळं, पापड, कुरडई. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगतात, पाऊस कसा, पीक कसं, राजा राहील का जाईल. तिथं विचारून पाहू का, माही हार्डडिस्क किती दिस जगंल?" मी म्हटलं विचारा, पण उत्तर काहीही येवो, आजच कॉपी करून घ्या.

कॉपी करून दिली की पुढे काय होतं तेही सांगून टाकतो. सगळा डाटा एका पेनड्राइव्हवर जातो. पेनड्राइव्ह प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी महालक्ष्म्यांच्या पेटीत, पेटी माळ्यावर. तिथून ती वर्षातून एकदा खाली येते, तेव्हा सगळ्यांच्या हाताला पुरणपोळीचं तूप असतं. आणि रिकामा झालेला सीपीयू? त्याचं काय करायचं, असं घरच्या बाईनं विचारलंच. मालक म्हणाले, "राहू दे. पेनड्राइव्हमध्ये झेरॉक्स हाय. ओरिजिनल त्याच्यातच हाय."

आता वाचकांना एक विनंती. वर वर्णन केलेलं अडॅप्टर सध्या माझ्याकडे नाही. ते दिवाळीत चिखलीला गेलं. तिथून कुणाच्या तरी भाच्याबरोबर मेहकरला गेल्याचं कळतं, आणि शिमग्याच्या सुमारास ते मलकापुरात पाहिल्याचं सांगणारेही भेटले. काळी डबी आहे, शेपटी निळी आहे, एका कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेली आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी आपलं काम उरकून घ्यावं, शेजाऱ्यांचंही उरकावं, माझी काही हरकत नाही. मग खामगावला येणाऱ्या कुठल्याही एसटीच्या ड्रायव्हरजवळ द्यावं, मी स्टँडवर येऊन घेईन. मात्र बारा व्होल्टच्या ठोकळ्यासकट. त्या ठोकळ्यावर घरचा वायफाय राउटर उत्तम चालतो, हे मला ठाऊक आहे.